गावचं वाचनालय: पगारी ग्रंथपाल ठेवायचा का पोरांनी मिळून चालवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल: वाळवा तालुक्यातलं तुमचं गाव, तिथं जुनं वाचनालय, काही वर्षं कुलूप लागलेलं, कपाटात हजार-दीड हजार पुस्तकं. तरुण मंडळाची पोरं म्हणतात आम्ही पाळीपाळीने फुकट चालवतो. सरपंच म्हणतात शिकलेला ग्रंथपाल ठेवणार असाल तर उघडा, नाहीतर राहू दे. आणि तुमचे चुलते म्हणतात मोबाइलच्या जमान्यात लायब्ररी कुणाला पायजे. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

माझं आयुष्य सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या लायब्रऱ्यांत गेलंय, आधी पगारी ग्रंथपाल म्हणून आणि रिटायर झाल्यावर आता बिनपगारी, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग कारणं. ठरल्या वेळेला दार उघडणारा आणि रजिस्टरला जबाबदार असलेला एक माणूस पगारीच पाहिजे, मग तो दिवसाचे तीन तास का असेना. बाकी लायब्ररीत जीव आणायचं काम पोरंच करतील, ते पगारी माणसाच्या बापाला जमणार नाही.

मुळात आपल्याकडे पगारी का स्वयंसेवक असा सरळ वाद घालताच येत नाही, कारण महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारची नाहीतच. ती संस्था चालवतात. सोसायटी म्हणून आणि ट्रस्ट म्हणून रजिस्टर झालेली संस्था, तिचं कार्यकारी मंडळ फुकट काम करणार, अध्यक्ष-कार्यवाह सगळे बिनपगारी, आणि खाली एक ग्रंथपाल, जमलं तर एक लिपिक, एक शिपाई. म्हणजे आपली सगळी व्यवस्थाच वरून स्वयंसेवक आणि खालून पगारी अशी आहे. हे असं का झालं त्याला इतिहास आहे. 1939-40 च्या सुमाराला मुंबई सरकारने फैजी समिती नेमली होती, तिने गावापर्यंत ग्रंथालयांचं जाळं सुचवलं, पण तेवढा पैसा सरकारकडे नव्हता, म्हणून स्वातंत्र्याच्या आसपास जी संस्थांची ग्रंथालयं आधीच चालू होती त्यांनाच मान्यता आणि अनुदान देऊन काम भागवलं गेलं. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने 1945 लाच ग्रंथालयाचा कायदा केला होता, हे फार जणांना माहीत नसतं. मग 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला, 1 मे 1968 पासून लागू झाला, ग्रंथालय संचालनालय झालं, आणि अ, ब, क, ड असे वर्ग पडले. आज मान्यताप्राप्त ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. काही राज्यांत घरपट्टीवर लायब्ररीचा कर असतो, आपल्याकडे तो नाही, त्यामुळे सगळं अनुदानावर आणि वर्गणीवर.

आता त्या अनुदानाचं बघा, कारण सरपंचांच्या "शिकलेला ग्रंथपाल ठेवू" या वाक्याची हवा इथंच निघते. ड म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं अनुदान बरीच वर्षं सालाला 30,000 रुपये होतं. 2022-23 च्या सुमाराला 60 टक्के वाढ झाली म्हणजे 48,000 झालं. यातले निम्मे पगारावर आणि निम्मे पुस्तकं, वर्तमानपत्रं, लाइटबिल, भाडं वगैरेवर घालायचे. त्या हिशोबाने पगाराला 24,000, बारा महिन्यांनी भागा, दोन हजार रुपये महिना. द्राक्षाच्या छाटणीला किंवा ऊसतोडीला जाणारा माणूस हे पैसे आठवड्यात कमावतो. आणि ह्या दोन हजारांत बी. लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी झालेला माणूस पाहिजे म्हणायचं! अनुदान येतं ते पण दोन हप्त्यांत, हप्ता लांबला की ग्रंथपालाने किराणा दुकानदाराला तोंड चुकवायचं. तेव्हा आपल्या गावोगावचे हे "पगारी" ग्रंथपाल खरं म्हणजे अर्धे स्वयंसेवकच आहेत. पगारवाढीसाठी समित्या झाल्या, पत्की समिती झाली, प्रभा राव समिती झाली, मोर्चे झाले, नागपूरला थंडीत बसून झालं. असो, त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

मग शिकलेला माणूस नक्की करतो काय? लोकांना वाटतं पुस्तक द्यायचं, रजिस्टरला सही घ्यायची, परत आलं की खूण करायची, यात शिकायचं काय. तेवढंच काम असेल तर खरंच काही नाही, नववीतली मुलगी पण करेल. पण एक साधं उदाहरण देतो. तासगाव भागातल्या एका लायब्ररीत एक द्राक्षबागायतदार आले, म्हणाले द्राक्षावरचं पुस्तक द्या. काउंटरवरच्या पोराने द्राक्ष लागवडीचं जाडजूड पुस्तक काढून दिलं, ते बिचारे घेऊन निघाले पण. तिथल्या ग्रंथपाल बाई उठून आल्या आणि नुसतं विचारलं, दादा, नवीन बाग लावायची आहे का? ते म्हणाले छे ओ, बाग जुनी आहे, पानाच्या खालच्या बाजूला पांढरं दिसायलंय. म्हणजे त्यांना लागवड नको होती, केवडा आहे का भुरी हे ओळखायचं होतं. बाईंनी रोगांच्या फोटोंची पुस्तिका काढली, शेतीच्या मासिकाचे दोन जुने अंक काढले आणि कृषी विज्ञान केंद्राचा पत्ता लिहून दिला. पाच मिनिटांचं काम. पण माणूस जे मागतो आणि त्याला जे पाहिजे असतं त्यात फरक असतो, आणि तो फरक न दुखवता काढून घ्यायचा, ही शिकण्याची गोष्ट आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मधे ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, तो असा काउंटरवर पाळायचा असतो, भिंतीवर फ्रेम करून लावायचा नसतो.

दुसरं काम कुणाला दिसत नाही ते म्हणजे पुस्तकं बाद करणं. गावातल्या लायब्रऱ्या पुस्तकं कमी पडून मरत नाहीत, नको त्या पुस्तकांनी मरतात. कुणाचे वडील वारले की घर साफ करताना चार पोती पुस्तकं "भेट" म्हणून येतात, त्यात जुने अभ्यासक्रम बदललेली गाइडं, कालबाह्य कायद्याची पुस्तकं, दिवाळी अंकांचे फाटके गठ्ठे. हौशी मंडळींना नाही म्हणवत नाही, गावातलाच माणूस, नाराज होईल. मग कपाटं भरतात, मागच्या रांगेत कसर लागते, खालच्या फळीला वाळवी, आणि वाचक आला की त्याला समोर हेच दिसतं. शिकलेला ग्रंथपाल भेट घेतानाच सांगतो की आम्हाला उपयोगी तेवढी ठेवू, बाकीची दुसरीकडे देऊ किंवा रद्दीत घालू, आणि तसं लिहून घेतो. साठा पडताळणी करून, यादी करून, मंडळाच्या सभेत ठराव घेऊन पुस्तक बाद करतो, उगाच उचलून टाकत नाही. ठराव नसला की पुढच्या तपासणीत ती पुस्तकं "गहाळ" ठरतात आणि त्याची भरपाई ग्रंथपालाच्या डोक्यावर येते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. कोण काय वाचतं हे बाहेर सांगायचं नाही. शहरात याचं काही वाटत नाही, पण गावात लई फरक पडतो. एखादी नवीन सून घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते, एखादा पोरगा दारू सोडण्याबद्दलचं काहीतरी शोधतो, एखादी दहावीची मुलगी शरीराविषयीचं पुस्तक उघडून बघते आणि कुणी आलं की पटकन ठेवून देते. काउंटरवर तिच्याच गल्लीतला, तिच्याच चुलत्याचा मित्र असलेला स्वयंसेवक बसलेला असला की ती ते पुस्तक कधीच नेणार नाही. मी स्वतः एका ठिकाणी बघितलंय, मंडळातले एक ज्येष्ठ सभासद सहज म्हणून देवघेवीचं रजिस्टर चाळत बसायचे आणि मग कट्ट्यावर गप्पांत कोण काय वाचतं ते निघायचं. वाईट हेतू नव्हता, पण दोन-तीन महिन्यांत बायका यायच्या बंद झाल्या, आणि का बंद झाल्या हे मंडळाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही मग रजिस्टर काउंटरच्या आत ठेवायचं ठरवलं आणि बाहेर फक्त नंबरची कार्डं. पतपेढीचा कॅशियर कुणाच्या खात्यात किती आहेत ते चावडीवर सांगत सुटला तर चालेल का, तसंच हे. स्वयंसेवक हे पाळू शकत नाहीत असं नाही, पण त्यांना पहिल्या दिवशी बसवून सांगायला लागतं, आणि सांगणारा कुणीतरी लागतो.

हाच मुद्दा आता ऑनलाइन फॉर्मला पण लागू आहे. लायब्ररीत कॉम्प्युटर ठेवला की पोरं शिष्यवृत्तीचे, भरतीचे, दाखल्यांचे फॉर्म भरून देतात, छान काम आहे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा तालुक्याचा हेलपाटा वाचतो. पण आधारची झेरॉक्स ड्रॉवरमधे राहते, ओटीपी मोठ्याने ओरडून विचारला जातो, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असतात. नियम करा: कागद ज्याचा त्याच्या हातात परत, ओटीपी ज्याने त्याने स्वतः टाकायचा, फॉर्म झाला की लॉगआउट करून तो माणूस उठायचा.

आता पोरांच्या बाजूने बोलतो, कारण वरचं वाचून वाटेल की मी स्वयंसेवकांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. 2019 चा महापूर तुम्ही बघितला असेल, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, सांगली नगर वाचनालयासारख्या दीडशे वर्षांच्या आसपास वय असलेल्या संस्थेतपण पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं, नदीकाठच्या किती छोट्या वाचनालयांची तर कुठे बातमी पण आली नाही. पाणी ओसरल्यावर गाळात उतरून पुस्तकं काढायला कोण होतं? कॉलेजची पोरं, तालमीतली पोरं, बाहेरगावाहून आलेले लोक. पगारी माणसं एका ग्रंथालयात दोन नाहीतर तीन, त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी. स्वयंसेवक नसते तर काहीच वाचलं नसतं.

पण तिथंच जाणता माणूस का लागतो तेपण दिसलं. भिजलेलं पुस्तक माणसं पहिल्यांदा काय करतात तर उघडून उन्हात टाकतात. तेच करायचं नसतं. थेट उन्हात कागद वाकडा होतो, पुठ्ठा सुटतो, आणि फोटोंची गुळगुळीत कागदाची पुस्तकं असतील तर पानं एकमेकांना अशी चिकटतात की नंतर वीट होते. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं थोडी फाकवून ठेवायचं, मधे मधे कोरा टिपकागद किंवा न छापलेला न्यूजप्रिंट घालायचा आणि तो भिजला की बदलायचा. आणि घाई असते, कारण दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. एवढी पुस्तकं एकदम वाळवता येत नाहीत, तेव्हा परदेशात गोठवून ठेवतात आणि सवडीने वाळवतात. आपल्याकडे तासगाव-सांगलीला बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं एवढी आहेत, त्यात पुस्तक गोठणार नाही, पण गार हवेत बुरशी मंदावते, चार दिवस तरी मिळतात. पुढच्या पुराआधीच अशा एखाद्या मालकाशी बोलून ठेवायला काय हरकत आहे असं मला कायम वाटतं. पूर काही एकदाच येत नाही, 2005 ला आला, 2019 ला आला, 2021 ला परत आला.

आणि सगळ्यात अवघड, काय वाचवायचं आणि काय सोडायचं. पोरं दिसेल ते पुस्तक उराशी धरून आणतात, त्यांच्या भावना बरोबर आहेत. पण ज्या कादंबऱ्यांच्या अजून आवृत्त्या निघतायत त्या परत विकत मिळतात, त्यांच्यात वेळ घालवायचा नाही. आधी दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमाने नोंद असते ते, कारण त्याशिवाय आपल्याकडे काय होतं हेच सिद्ध करता येत नाही. मग जुन्या मासिकांचे बांधीव खंड, गावच्या नाटक मंडळीच्या, सत्याग्रहाच्या वेळच्या स्थानिक पुस्तिका, हस्तलिखितं, जे दुसरीकडे कुठेच नाही ते. हा निर्णय दहा मिनिटांत घ्यायचा असतो आणि तो घेण्यासाठी कपाटात काय आहे हे वर्षानुवर्षं माहीत असलेलं माणूस लागतं.

रोजच्या दिवसातही स्वयंसेवकांशिवाय होत नाहीत अशा गोष्टी आहेत. मुलांना गोष्टी वाचून दाखवणं, गुडघे गेलेल्या आजीला घरी पुस्तक नेऊन देणं, व्याख्यानमालेच्या सतरंज्या घालणं. वाईचं लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालय वसंत व्याख्यानमाला चालवतं, अशा व्याख्यानमाला पगारावर चालत नाहीत, गावाच्या हौसेवर चालतात. महाबळेश्वरजवळच्या भिलारला 2017 च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं, पुस्तकं आणि कपाटं सरकारची, पण लोकांनी स्वतःच्या घरातली खोली दिली, दारात आलेल्या अनोळखी माणसाला बसा म्हणाले, हे कुठल्या जीआरने होत नाही. नंतर तुमच्या जवळच्या अंकलखोपचंही पुस्तकांचं गाव म्हणून नाव आलं. मंडळाच्या पोरांना घेऊन एक दिवस भिलारला जाऊन या, नुसते फोटो काढू नका, घरमालकांना विचारा की पावसाळ्यात पुस्तकांचं काय करता, कंटाळा येतो का, पाहुणा नसतो तेव्हा गावातली मुलं वाचतात का. जी उत्तरं मिळतील ती कुठल्याही सेमिनारपेक्षा उपयोगाची.

स्वयंसेवकांचं घोडं अडतं कुठं तर सातत्यात. सुरुवातीला व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो, पाळीचं वेळापत्रक पडतं, उद्घाटनाला आमदार, पेपरला फोटो. पुढे एकाची परीक्षा येते, दुसऱ्याचं लग्न ठरतं, तिसरा चाकणला कंपनीत लागतो. किल्ली कुणाकडे आहे हेच कळत नाही. वाचक तीनदा येऊन कुलूप बघून गेला की चौथ्यांदा येत नाही, आणि तो का आला नाही हे सांगायलाही येत नाही. मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागते, मंडळात दोन पार्ट्या पडतात, आणि एका पार्टीचं वाचनालय म्हटलं की दुसऱ्या वाड्यावरची मुलं यायची बंद. जातीचं पण असतंच, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. वाचनालय कुठल्या आळीत आहे आणि काउंटरवर कोण बसतं यावर कोण आत येणार ते ठरतं. पगारी माणूस असला की हे सगळं संपतं असं नाही, पण त्याचं उत्तर मागता येतं. फुकट काम करणाऱ्याला काय विचारणार, तो म्हणतो मग तुम्ही करा.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमधे 1850 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचे कायदे आहेत, 1964 च्या कायद्याने तर इंग्लंड-वेल्समधल्या कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या नगरपालिकांवर, ग्रंथालय सेवा देणं बंधनकारक आहे, तरी 2010 नंतर खर्चकपात झाली तेव्हा शेकडो शाखा एकतर बंद झाल्या नाहीतर गावकऱ्यांच्या हवाली केल्या गेल्या. काही कौन्सिलनी शाखा दिली तरी पुस्तकांचा पुरवठा, कॉम्प्युटरची सिस्टीम आणि सल्ल्याला एक प्रोफेशनल माणूस चालू ठेवला, काहींनी किल्ली दिली आणि हात झटकले. तुमच्या सरपंचांना आणि पोरांना दोघांनाही यातून घेण्यासारखं एवढंच की स्वयंसेवकांना एकटं सोडायचं नाही, मागे कुठल्यातरी मोठ्या ग्रंथालयाचा आधार पाहिजे.

अभ्यासिकेबद्दल पण बोललं पाहिजे, कारण तुमची पोरं ती मागणारच. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, सगळ्यांना बसायला शांत जागा पाहिजे, घरी एक खोली आणि टीव्ही चालू, त्यांची गरज खरी आहे. पण मी बघितलेल्या कितीतरी गावांत वाचनालयाची हळूहळू नुसती अभ्यासिका झाली. सकाळी सहापासून सगळ्या खुर्च्या पोरांनी धरलेल्या, बॅगा ठेवून जागा राखलेल्या, पेपर वाचायला आलेले आजोबा दारातून परत, लहान मुलांना "आवाज करू नका" म्हणून हाकललेलं, आणि बायकांना तर त्या पोरांच्या गर्दीतून आत जायचाच संकोच. माझं मत कडक आहे: खोली एकच असेल तर दुपारी दोन ते पाच अभ्यासिका बंद आणि वाचनालय चालू. त्या वेळेला बायका मोकळ्या असतात, शाळा सुटली की मुलं येतात. पोरं कुरकुर करतील, करू देत.

चुलत्यांना काय सांगायचं? त्यांच्याशी वाद घालू नका. मोबाइलने वेळ खाल्लाय हे खरंच आहे आणि वर्गणीदार घटलेत हे पण खरंय. फक्त त्यांना विचारा की गावात अशी दुसरी जागा कुठली आहे जिथं काही विकत न घेता, पाया न पडता, कुठल्या पार्टीचा आहेस हे न सांगता दोन तास बसता येतं. देवळात बायकांना, पारावर पुरुषांना, चहाच्या टपरीवर पैसेवाल्यांना. विचारून बघा, ते स्वतःच दुपारी पेपर वाचायला येतील असं मला वाटतं.

आता प्रत्यक्षात काय करायचं. आधी संस्था जिवंत आहे का मेली ते शोधा. वाचनालय मान्यताप्राप्त होतं का, कुठल्या वर्गात, शेवटचं अनुदान कधी आलं, हे सांगलीच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात कळेल. 2012 मधे महसूल खात्यामार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली होती, बरीच ग्रंथालयं नुसती कागदावर निघाली, आणि त्यानंतर नवीन मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं अडकून राहिली. त्यामुळे जुनी मान्यता अजून शिल्लक असेल तर ती सोन्यासारखी जपा, नवीन संस्था काढायच्या भानगडीत पडू नका. दुसरं, धर्मादाय कार्यालयात ट्रस्टींची नावं कुणाची आहेत ते बघा. मंडळ बदललं की ट्रस्टच्या कायद्याच्या कलम 22 खाली बदल अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो, तो गावोगाव कुणी देत नाही, त्यामुळे कागदावर अजून वारलेली माणसं अध्यक्ष असतात आणि बँकेत सही चालत नाही. बहुतेक बंद वाचनालयांचं खरं दुखणं वाचक नसणं हे नसून हे आहे. ऑडिट राहिलेलं असेल तर एखादा ओळखीचा सीए गाठा, गावचा पोरगा असेल तर हे स्वयंसेवकाचं खरं काम, सतरंजी घालण्यापेक्षा मोठं.

माणूस ठेवायचा तर बाहेरून बी. लिब. आणू नका, टिकणार नाही. गावातलीच बारावी किंवा पदवी झालेली, गावातच राहणार असलेली एक बाई बघा. बाईच का, तर बाई काउंटरला असली की मुली आणि बायका येतात, पुरुषांना तसाही फरक पडत नाही. तिला ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स करायला पाठवा, फी गावाने भरावी. अनुदानातून निघेल ते निघेल, वरचे ग्रामपंचायतीने स्वनिधीतून, थोडे गावातून बाहेर नोकरीला असलेल्यांकडून दरमहा, एकदम देणगी नको, दरमहा. सरपंचांना शिकलेला ग्रंथपाल पाहिजे ना, मग ठरावात रक्कम लिहायला सांगा. पोरांना दार उघडायची पाळी देऊ नका, त्यांना ठरावीक कामं द्या: रविवारी मुलांचा तास एकाने, घरपोच पुस्तकं दोघांनी, फॉर्मचं टेबल एकाने आठवड्यातनं दोन संध्याकाळी. एक जण गेला तरी लायब्ररी बंद पडणार नाही, फक्त तेवढं काम थांबेल.

कॉम्प्युटरायझेशनच्या मागे लगेच लागू नका. कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, दोन्ही चांगली, पण दीड हजार पुस्तकांना एक्सेल पुरे, आणि त्याआधी दाखल रजिस्टर हाताने पूर्ण पाहिजे. वर्गीकरण पण ड्युई पद्धतीचे विषयवार लांब आकडे टाकत बसू नका, ठळक विषय आणि फळीवर मराठीत पाट्या, मुलांची पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशी खाली, काचेच्या कपाटांची कुलपं काढून टाका. हरवतील थोडी पुस्तकं. हरवू देत. मुलांना दंड नको, मोठ्यांना अनामत माफक ठेवा.

आणि इस्लामपूरच्या (आता ईश्वरपूर) किंवा सांगलीच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयाशी बोलून दर तीन महिन्यांनी शे-दोनशे पुस्तकं फिरती मागून घ्या, देतात, फक्त लेखी मागावं लागतं आणि वेळेत परत करावं लागतं. नुसती दीड हजार पुस्तकं असली तर वाचकाची दोन वर्षांत वाचून संपतात.

तुम्ही रविवारी कुलूप उघडणार म्हणालात, तेव्हा सगळ्यात आधी दाखल रजिस्टर शोधा, बहुतेक खालच्या फळीवर पेपरच्या गठ्ठ्याखाली असतंय. सापडलं तर शेवटचा नोंद क्रमांक आणि त्याची तारीख इथं लिहा, नाही सापडलं तरी लिहा, मग पुढचं काय करायचं ते वेगळं आहे, सांगतो.